उत्तरेश्वरचं टार्गेट

उमापुरात दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेजारचा खतवाला उत्तरेश्वर कल्याणरावांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर येऊन बसे आणि मोबाइलवरून शेअरच्या बातम्या सांगे. चार माणसं जमत. आत गल्ल्यावर कल्याणराव ब्रोकरांचे अहवाल डिक्शनरी जवळ ठेवून शेवटच्या पानापर्यंत वाचत, पण त्यांना कोणी विचारत नसे. तेही एकवेळ चाललं असतं. पण हल्ली त्यांची बायको शांतादेवीसुद्धा चहा घेऊन बाहेर गेल्या की उत्तरेश्वरपाशीच थांबत. भिशीचे पैसे कुठं घालावेत, हे चाळीस वर्षं संसार केलेला नवरा आत बसलेला असताना त्या ह्याला विचारत. त्याच्या कपात आलं जास्त असतं, असाही कल्याणरावांना संशय होता.

"मोबाइलातल्या चिपा बनवणाऱ्या त्या कंपनीचं टार्गेट ब्रोकरांनी बाराशेवरून पंधराशे केलंय, वैनी," उत्तरेश्वर म्हणाला. "वर 'खरेदी करा' असा शेरा."

"टार्गेट म्हंजी तेवढा भाव व्हणारच का?" शेरडं राखणाऱ्या अंगदनं विचारलं.

"मोठाली माणसं सांगत्यात, उगं न्हाई."

कल्याणरावांना राहवलं नाही. "अंगद, बोकड कमरंला धरून उचलतूस आन मटण किती भरंल ते ठरवतूस. तो अंदाज. त्याला किलोचा भाव लावून बोलतूस ते टार्गेट. ईदीच्या तोंडावर मटण तेवढंच असतंय, भाव चढतो, म्हणून आकडा वाढतो. हितं बी तसंच. नफ्याचा अंदाज वाढला का नुसता भाव, ते बघावं लागतंय. 'खरेदी करा' म्हंजी टार्गेट आजच्या भावाच्या वर हाय, एवढंच."

"आता कळलं," अंगद म्हणाला.

शांतादेवी वळल्या. "मग अंदाज वाढलाय का न्हाई? तुमी वाचलंय ना?"

वाचलं होतं. उत्तरेश्वर हेच सांगणार, त्यात खोट काढायची म्हणून सकाळपासून दोनदा वाचलं होतं, आणि खोट सापडली नव्हती. शेअरमागे नफ्याचा अंदाज तीस रुपयांवरून साडेसदतीस झाला होता. त्या नफ्याला लावलेला चाळीस पटीचा भाव पहिल्यासारखाच होता. उत्तरेश्वर न वाचताच बरोबर होता.

"न्हाई," कल्याणराव म्हणाले. "नुसता भाव चढवलाय."

"मग नगं," शांतादेवी म्हणाल्या. त्यांनी उत्तरेश्वरकडे पाहिलंही नाही, पुन्हा विचारलंही नाही. कप गोळा करून आत निघाल्या.

इतके दिवस हवं होतं ते मिळालं, पण खोटं बोलून मिळालं. कल्याणराव अहवाल घेऊन ओट्यावर आले.

"थांब जरा," ते बायकोला म्हणाले आणि उत्तरेश्वरकडे वळले. "अंदाज बी वाढलाय. तुझं बरोबर हाय."

"मग मघाशी कावून न्हाई म्हणलात?" शांतादेवींनी विचारलं.

"मघाशी मला त्याचं बरोबर नको होतं."

उत्तरेश्वर मोबाइलमध्ये बघत राहिला. अंगदला एकाएकी शेरडांची आठवण झाली, तो उठला.

शांतादेवींनी कप खाली ठेवले आणि गल्ल्याजवळचं स्टूल ओट्यावर ओढलं. "दाखवा, कुठं लिवलंय."

"अंदाजच हाय तो. चुकंल बी."

"चुकू द्या. वाचून दाखवा."