मूठभर सोयाबीन

“मशीन ठीक आहे, सर. तिसऱ्यांदा तपासलं,” ज्योत्स्नानं कागद टेबलावर टाकले.

कॉलेजच्या उंदीरघरात रिकामे पिंजरे पुसणाऱ्या इंदूबाईंचा हात थांबला.

अकोल्याची ही पोर पीएचडीसाठी तीन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती: पाळी गेली की बाईची हाडं ठिसूळ का होतात? तिनंच इंदूबाईंना समजावलं होतं. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडाच्या पेशींतल्या काही जनुकांना जागं करतं, काहींना गप्प बसवतं. ते आटलं की हाड पोखरणाऱ्या पेशींना रान मोकळं. अंडाशय काढलेल्या मादी उंदरांत हेच दिसायला हवं होतं. पण त्यांच्या हाडांतली जनुकं इस्ट्रोजेन थोडंफार मिळत असल्यासारखी वागली होती.

“तेवढे आकडे सोडून दे,” म्हणत सर तासाला निघून गेले.

इंदूबाईंनी आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. राजापेठेत ऑटोतून उतरताना जरा तोल गेला, तेवढ्यानं ते मोडलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. सत्तावीस वर्षांत एक ठपका नव्हता. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं?

“म्याडम, त्यायले मी सोयाबीन देत होती.”

“काय?”

“बडनेऱ्याच्या वावरातलं. उकडून, रोज मूठभर. बिचाऱ्यायचं ऑपरेशन झालं, हाडं माह्यासारखी होतीन... मले वाटलं, ताकद येईन.”

ज्योत्स्नाला आता आकड्यांचा अर्थ लागला. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं असतात. कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

“मावशी, कावून सांगितलं? कोणाले कळलं नसतं!”

“तुमच्या कागदात खोटं गेलं असतं नं. अन् तो वाचून उद्या कोण्या बाईले औषध देतीन. माहं मनगट तं मोडलंच, तिचं कायले मोडू द्याचं?”

काय म्हणावं या बाईला! इंदूबाईंनी स्वतःच रजिस्टर ओढलं, खाद्याच्या रकान्यात ‘सोयाबीन’ लिहिलं आणि दुखऱ्या हातानं ठसठशीत सही केली. त्या सहीवरच पुढच्या आठवड्यात त्यांना मेमो मिळाला.

नवे उंदीर आले. तेव्हापासून इंदूबाई रोज दारातच आपली पिशवी टेबलावर उपडी करायच्या. “राहू द्या न, मावशी,” ज्योत्स्ना म्हणायची. त्या ऐकत नसत.

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी पिशवी उपडी केली आणि आत गेल्या. एका मादीनं जाळीतून नाक काढून त्यांची बोटं हुंगली.

“काही नाही आणलं, माय,” इंदूबाई म्हणाल्या, आणि रिकामा तळवा उघडून तिला दाखवला.