येळवशीची गाडी

प्रेरणाने ओल्या फडक्याने कालचा दिवस पुसून टाकला आणि भिंत वाळायची वाट न बघता स्टुलावर चढून लिहायला घेतलं. '१६ डिसेंबर १९७१. विजय दिवस. भारत-पाकिस्तान युद्ध संपले.' ओल्यावर खडू नीट उमटेना, म्हणून तिने 'संपले' दोनदा गिरवलं.

बिदर जिल्ह्यातल्या या वाडीच्या बसथांब्याच्या आतली ही भिंत तिच्या वडिलांनी, रत्नपालने, काळी रंगवून दिली होती. बी.एड. झालेली मुलगी नोकरीची वाट बघत घरात बसली की येणाऱ्याजाणाऱ्याला टोचते, त्यापेक्षा खडू तरी हातात राहील, असा त्यांचा विचार. हुमनाबादच्या गाडीची वाट बघणाऱ्यांना तेवढाच विरंगुळा झाला. रोज दोन-तीन ओळी जगाच्या असायच्या. कुणी जन्मलं, कुणी काही शोधून काढलं, कुठे तह झाला. दिवाळीपासून तिने सगळ्यात खाली एक ओळ गावासाठी सोडायला सुरुवात केली आणि तिथून गावाला चेव आला. वीज कधी आली, पहिली बोअर कुणाच्या रानात लागली, शाळेला सातवी कधी मिळाली. चहाच्या टपरीवाल्या हरिओमने तर आपल्या म्हशीला जुळं झालं तो दिवस इतिहासात गेलाच पाहिजे म्हणून आठवडाभर तगादा लावला, आणि शेवटी तो गेलाही. फक्त सहा डिसेंबरला फळ्यावर एकच ओळ होती, महापरिनिर्वाण दिनाची. त्या दिवशी म्हशीचं कुणी काढलं नाही.

अडचण एवढीच होती की गावाला आठवायचं सगळं, पण तारीख म्हणून कुणाला ठाऊक नसायची. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर तूर फुलात होती तेव्हा, नाहीतर थोरली आई गेली त्या साली. प्रेरणा मोबाइलवर जुनी पंचांगं उघडून या आठवणींच्या तारखा काढायची. तिला त्याचा नादच लागला होता. एखादी तारीख सापडली नाही की तिला जेवण गोड लागत नसे.

"लढाई संपली त्याच टायमाला आपल्या गावाला पयली गाडी आली," बाकावर बसलेले गुंडेराव म्हणाले. "लिही ते बी."

पहिल्या गाडीची गोष्ट म्हणजे गुंडेरावांची जहागीर. पंच्याहत्तरी ओलांडलेला हा माणूस घरात मोजकं बोलायचा, पण गाडीचा विषय निघाला की थांबायचा नाही. दुबलगुंडीच्या पुढे या वाडीपर्यंत तेव्हा नुसती बैलगाडीची वाट होती, वगैरे.

"तारीख सांगा, अप्पा," प्रेरणा म्हणाली.

"तारीख मला काय ठावं. रेडिओवर लढाई संपल्याचं सांगितलं, गावात साखर वाटली. दुसऱ्या दिशी येळवस. तिसऱ्या दिशी गाडी. म्या सोत्ता नारळ फोडलो."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आंबिलाचं मडकं, भज्जी, खीर असं सगळं डोक्यावर घेऊन अख्खं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा करतं आणि वाटेवरच्या परक्यालाही ओढून पंगतीला बसवतं. त्या दिवशी गावात कडीकुलपं तेवढी उरतात. प्रेरणाने मोबाइलवर बोट फिरवलं. अमावास्या सतराला होती. म्हणजे गाडी अठराला.

"परवाच्या फळ्यावर घालते," ती म्हणाली.

"गाडी येळवशीलाच आली."

हे बोलल्या पार्वतीबाई, गुंडेरावांच्या बायको. डेअरीत दूध घालून त्या रोज बाकाच्या टोकाला बसायच्या, फळा कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या आणि रिकामी किटली घेऊन घरी जायच्या. गाडीच्या गोष्टीत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

हरिओमला हसू आवरेना. "येळवशीला गावात कुत्रं सुदीक ऱ्हात न्हाई, अक्का. गाडीला बघितलं कोन?"

"म्या."

"हिला काय ठावं," गुंडेराव रस्त्याकडे बघत म्हणाले. "ही रानात होती. समद्याबरोबर." आणि अजून बरंच सांगायचं बाकी असताना उठून तुरीकडे चालू लागले.

प्रेरणाला तेच खटकलं. कुणाच्या आंब्याला आधी मोहोर आला यावरून हमरीतुमरीवर येणारा माणूस आपल्या जहागिरीवर कुणी पाय ठेवला तर असा सहज उठून जाईल? तिने खडूची डबी उचलली, पार्वतीबाईंच्या हातातली किटली घेतली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली.

"अक्का, खरंच येळवशीला आली?"

"मंग. कुनी बाहेरगावचा सायब आसंल, त्याला काय म्हाईत आमावशेला गावात कोन नसतंय ते. गाडी हार घालून आली आन् मारुतीपुढं हारन वाजवत बसली. रानात लोकाला वाटलं, लढाईवरनं मिल्ट्रीचा टरक आलाय. नारळ दुसऱ्या दिशी फुटला, ते खरं हाय."

"आणि तुम्ही कशा होता गावात?"

पार्वतीबाई चालत राहिल्या. लिंबाच्या पारापाशी आल्यावर टेकल्या आणि सांगायला लागल्या.

त्यांचं माहेर औरादकडचं संतपूर. लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात मधेमधे तेलुगू यायचं, त्यावर घर हसायचं, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं. बापाच्या रानातली येळवस तेवढी त्यांना हवी असायची. सासूला विचारलं की उत्तर ठरलेलं: येळवशीला सून आपल्या रानात पाहिजे. अशा तीन येळवशी झाल्या. नवरा मारायचा नाही, रागवायचा नाही, पण आईपुढे तोंडही उघडायचा नाही. त्या वर्षी सगळे रानात पोचले आणि मीठ घरी विसरल्याचं लक्षात आलं. सासूने त्यांना माघारी पिटाळलं. मिठाचं गाडगं घेऊन त्या दाराबाहेर आल्या, तर मारुतीपुढे गाडी उभी.

"कुठली हाय इचारलं. हुमनाबाद म्हनला. आज तिकिटाचं पैसं न्हाईत, बसा म्हनला. गाडगं उंबऱ्यावर ठिवले आन् बसले. अंगावरच्या लुगड्यानिशी."

"पळून?"

"पळून कशाला, बसून गेले," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या. "हुमनाबादेत उतरले तर पाच-सात गाड्या. पाट्या कानडीत. मला मराठीच वाचता येत न्हाई, कानडी कुठलं. रडू यायलं होतं. तेवढ्यात कंडक्टर माज्याकडं आला. म्हनला, अक्का, संतपूरला जायाचंय नव्हं, चला, बिदरच्या गाडीत बशिवतो."

"तुम्ही सांगितलं होतं त्याला, संतपूर म्हणून?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

प्रेरणाचे डोळे चमकले. "मग त्याला कसं कळलं?"

"तेच की. संतपूरला काय गेले न्हाई म्या. त्याच गाडीनं दिवेलागणीच्या आदी घरी आले. कामून आले ते नगं इचारू. लोक अजून रानातनं यायचे होते. घरी बघते तर उंबऱ्यावर गाडगं न्हाई. सासू आली आन् म्हनली, मीठ लेकाजवळ धाडलीस, सोत्ता कामून आली न्हाईस, ताप भरला म्हनं. म्या व्हय म्हनले."

म्हणजे मीठ रानात पोचलं होतं. प्रेरणा तोंडाला हात लावून बघत राहिली.

"तुम्ही अप्पांना विचारलं नाही कधी?"

"इचारलं तर गेलते म्हनून सांगावं लागतंय. त्यांनी सांगितलं तर बघितलो म्हनून सांगावं लागतंय. दोघं बी गप." पार्वतीबाईंनी पदराने पाय झटकले. "हे गाडी दुसऱ्या दिशी आली म्हनत्यात ते माज्यासाठी म्हनत्यात, ते काय मला कळत न्हाई? येळवशीला आली म्हनलं तर लोक इचारतील, बघितलं कोन. पर आता लपवायचं कुनापासनं? सासू गेली, दीर गेला. आमचं बी काय राहिलंय. जायच्या आदी एकदा त्यांच्या तोंडानं ऐकायचं हाय मला. म्हनून बोलले."

दुसऱ्या दिवशी प्रेरणा नेहमीपेक्षा लवकर आली. '१७ डिसेंबर १९०३. राइट बंधूंचे पहिले विमान उडाले.' एवढं लिहून तिने खालची जागा कोरी ठेवली. अठराला लिहावं तर अक्का खोट्या ठरतात, सतराला लिहावं तर अप्पा. ती फडक्याशी चाळा करत बसली.

गुंडेराव आले. मागून पार्वतीबाई, किटली घेऊन. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. गाडीला अजून वेळ होता आणि हरिओमचा स्टोव्हही पेटला नव्हता.

"वर काय लिवलीस?"

"पहिलं विमान उडालं ते, अप्पा."

"मस लोक आलं आसंल बघायला."

"नाही हो. चार-पाच जण होते नुसते. पेपरवाल्यांना तर खरंच वाटलं नाही."

गुंडेराव त्या ओळीकडे बघत राहिले. वाचता त्यांना चांगलं यायचं, तरी बराच वेळ लागला.

"तरी लिवत्यात?"

"उडालं ते उडालं की. किती जणांनी बघितलं त्याचं काय?"

गुंडेरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आजच लिही. गाडी आजच आली. नारळ दुसऱ्या दिशी."

पार्वतीबाईंनी किटली हळूच खाली ठेवली.

"मीठ येईना म्हनून आई मला धाडली. येऊन बघतो तर गाडगं उंबऱ्यावर, दाराला कडी. मारुतीपुढं गाडी. मागल्या शिटावर ही, तोंडावर पदर घिऊन. कंडक्टर खाली शेंगा खात उभा होता. त्याला कानडीत सांगितलो, अण्णा, तिला संतपूरला जायाचंय, बिदरच्या गाडीत नीट बशीव. आन् गाडगं घिऊन रानाला गेलो."

"त्यांनाच का नाही बोललात, अप्पा?"

"आईपुढं बोलायची टाप नव्हती. मंग हिच्यापुढं कंच्या तोंडानं बोलू? कंडक्टर परका मानूस. त्याच्यापुढं जमलं."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.  मग गुंडेराव पहिल्यांदा बायकोकडे वळले.

"बशिवला न्हाई का त्यो तुला?"

"बशिवला की. खिडकीपाशी."

"मंग माघारी कामून आलीस?"

इतक्या वर्षांचा प्रश्न होता, पण विचारला त्यांनी बाजारातून लवकर आलेल्या माणसाला विचारावा तसा. पार्वतीबाई हाताच्या बांगड्या मागेपुढे करत होत्या.

"तीन येळवशी मला कुनी इचारलं न्हाई, तुला कुठं जायाचंय म्हनून. त्यो परका मानूस आला आन् संतपूर म्हनला. गाडीत बसले तवा बापाकडं जायचं म्हनूनच बसले. मंग मनात आलं, ह्या घरात एकाला तरी ठावं हाय की मला कुठं जायाचंय ते." त्या थांबल्या. "म्हनून उतरले."

 गुंडेरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि थंडीला नावं ठेवली.

प्रेरणा स्टुलावर चढली. आज भिंत चांगली वाळलेली होती. '१७ डिसेंबर १९७१. आपल्या गावात पहिली बस आली. प्रवासी एक.'

हरिओम चहाचे ग्लास घेऊन आला आणि वाचत उभा राहिला. "येळवशीला? अन् प्रवासी? कोन बसलं आसंल, अप्पा?"

"नाव लिही त्याच्यापुढं," गुंडेराव प्रेरणाला म्हणाले.

"काय लिहू?"

तिला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. पण त्या पिढीतल्या माणसाने बायकोचं नाव घेतलं ते फार तर लग्नात, नाव घ्यायला लावलं तेव्हा. त्यानंतर 'आमच्या घरची', 'अगं', 'ऐकलीस का'. प्रेरणा खडू टेकवून पाठमोरी उभी राहिली. गुंडेराव खाकरले. हरिओमचा चहा निवत चालला होता.

"पार्वती," ते म्हणाले. "म्हायराला निघाली होती."

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रेरणाने नाव लिहिलं, ठळक, इतर अक्षरांपेक्षा जरा मोठं. पार्वतीबाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि त्या अक्षरांपासून बोटभर अंतरावर हात धरून उभ्या राहिल्या.

"उद्या पुसतीस व्हय गं हे?"

"रोजच पुसते, अक्का. नाहीतर उद्याचं कुठं लिहू?"

पार्वतीबाईंचा हात तिथेच राहिला. हुमनाबादची गाडी वळणावर दिसायला लागली होती.

"पुसू दे की," गुंडेराव मागून म्हणाले. "तारीखच हाय ती. माघारी येती."