नंदीच्या कानात पासवर्ड

महाल वस्तीतल्या त्या बोळात सकाळपासून ही रांग! प्रत्येकाच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात लॅपटॉप. रांगेच्या टोकाला प्लॅस्टरचा पांढराशुभ्र नंदी आणि त्यामागे वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेल्या ब्लँकेटवर श्री सर्व्हरानंद महाराज. पूर्वाश्रमी त्यांचं नाव भूपेश होतं आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान बुडालं होतं. पण भक्तांना एवढा इतिहास कशाला हवा?

"खात्याले शनी लागला, बेटा!" महाराज गरजले. "लिंबू ओवाळ, अन् नंदीच्या कानात रोल नंबर, पासवर्ड सांग. नंदी थेट वरच्या सर्व्हरले कळवते. उद्या सकाळी खातं उघडलं नाही, तर ही दाढी काढून टाकीन!"

आणि खाती खरोखर उघडत. विद्यापीठानं आज बंद केलेलं मेलचं खातं उद्या सकाळी टकाटक चालू! रांग जयजयकार करी.

संगणक केंद्राच्या प्रमुख शामला मॅडमना तो जयजयकार ऐकला की डोकं आपटून घ्यावंसं वाटे. पहिल्या गैरवापराला खातं एक दिवस बंद, मग आपोआप सुरू, हा नियम त्यांनीच केला होता. श्रेय मात्र लिंबाला.

दामिनीचं खातं मात्र आता आपोआप उघडणार नव्हतं. 'पेपर फुटला, पाहिजे का?' असे मेल त्यातून दुसऱ्यांदा गेले होते. चौकशीत दोषी ठरली तर विद्यापीठातून नाव कमी. उमरेडच्या विणकराची ही पोरगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मॅडमसमोर उभी राहून ती रडत होती. महाराजांनी हात झटकले होते, 'तुझी श्रद्धाच कमी पडली' म्हणून.

"आईची शपथ मॅडम, मी नाही पाठवले."

"मग पासवर्ड कोणाले सांगितला होता वं?"

"कोणालेच नाही जी." ती अडखळली. "फक्त नंदीले. परीक्षेच्या आधी सांगितलं तर खातं सिद्ध होते म्हणे."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे खातं बंद व्हायच्या आधी?"

"हो. सगळेच सांगतात."

मॅडमना एकदम हसू आलं आणि मग भयंकर राग आला. त्यांनी लगेच एका अस्तित्वातच नसलेल्या विद्यार्थ्याचं खातं उघडलं. पासवर्ड ठेवला 'तर्रीपोहा'. लिंबू घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि नंदीच्या कानात मनोभावे कुजबुजल्या. संध्याकाळच्या आत तो नसलेला विद्यार्थी पेपर विकू लागला. मेलचा मजकूर दामिनीच्या खात्यातल्यासारखाच, शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी त्या दामिनीला घेऊन बोळात आल्या.

"महाराज, कालच्या माझ्या खात्याचा पासवर्ड जगात दोघांनाच ठाऊक होता. मले अन् या नंदीले."

"नंदी सर्वज्ञ आहे!"

"तेच तर! काल नंदीनं त्या खात्यात शिरून पेपर विकले. खुरांनी टायपिंग कसं केलं, जरा दाखवायले सांगा."

रांग खदखदून हसली. "श्रद्धेची परीक्षा पाहू नका!" महाराज ओरडले, तोवर दामिनीनं नंदीच्या कानात बोटं घातली आणि काळ्या द्राक्षाएवढा माइक बाहेर ओढला. मागोमाग वायर आली. ती नंदीच्या पोटातून थेट महाराजांच्या ब्लँकेटखालच्या मोबाइलपर्यंत गेली होती.

"अबे, हा तर आपले पासवर्ड ऐकून राहिला!" रांगेतला एक जण किंचाळला. पळण्याच्या धांदलीत महाराजांची दाढी एका कानावरून लोंबू लागली. ती काढून टाकायचं वचन असं निम्मं तरी पाळलं गेलं. बाकीचं पोलिसांनी पाहिलं.

दामिनीची चौकशी थांबली, खातं उघडलं. मॅडम तिला म्हणाल्या, "देवाले नमस्कार कर, माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या कुलपाची किल्ली कोणी मागितली, मग तो कितीही मोठा असो, आधी 'काहून? कशासाठी?' विचारायचं."

दामिनीनं मान डोलवली. नवा पासवर्ड टाकता टाकता तिचा हात थांबला.

"मॅडम, मी विसरली तर? तुम्हाले सांगून ठेवू का?"

मॅडमनी नंदीसारखा कान पुढे केला.

दामिनीनं जीभ चावली. "नाही जी. तुम्हाले तरी काहून?"