पाव फेरा

सोमवारी पुन्हा माप चुकलं. बत्तीस मिलिमीटरचा पितळी तुकडा सात शतांशांनी जाड निघाला, म्हणजे साधारण एका केसाएवढा. शनिवारी तोच प्रोग्रॅम, तेच टूल आणि त्याच सळईचा आधीचा भाग बरोबर बत्तीस देऊन गेला होता. मी मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासलं आणि परत मोजलं. सातच.

"किती?" बाबांनी स्टुलावरून विचारलं.

"सात जास्त."

"शनिवारी?"

"बरोबर होतं."

"आणि शुक्रवारी?"

"तीन कमी."

"म्हणजे तुझ्या डब्याला लहर आली की तो नीट कापतो," बाबा म्हणाले. "आमच्या खात्यात असा एक जण होता. त्याला स्टोअरला बसवलं."

डबा म्हणजे मी लेथच्या शेजारी भिंतीवर बसवलेली कंट्रोलची पेटी. लेथ माझ्यापेक्षा वयाने मोठा. बाबा छत्तीस वर्षं कारखान्यात टर्नर होते, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत याच लेथवर लोकांची किरकोळ कामं करायचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात नाही. मूठ वळते, पण जोर नाही, आणि बोटांच्या टोकांना स्पर्श कळत नाही. लेथला दोन हँडलं असतात आणि ती फिरवायला दोन हात लागतात. म्हणून मी ठरवलं की दोन्ही हँडलांना मोटर लावायची. बाबांनी डाव्या हाताने मोठ्या बटणांवर आकडा दाबायचा, पुढचं मशीन करेल. मी कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आहे. मोटरी, तारा, सर्किटं हे माझं रोजचं काम. दोन महिन्यांत करून देते म्हणाले होते. आता पाचवा महिना चालू होता.

आणि आता मुदत होती. झटक्यानंतर बाबांकडे येणारं काम एकेक करत बंद झालं. फक्त पंप दुरुस्त करणारा एक माणूस येत राहिला, कारण जुन्या पंपांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. त्याने एक झिजलेला बुश, म्हणजे पंपाच्या दांड्यावर बसणारं पितळी कडं, आणून दिला होता. तसाच नवा हवा होता, बाहेरून बत्तीस मिलिमीटर. "काका, शनिवारपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "नाही झालं तर मोठ्या रस्त्यावर नवीन दुकान झालंय, तिकडून घेईन. राग नको." तो गेल्यावर बाबा आईला म्हणाले, हा बुश झाला नाही तर भंगारवाल्याला बोलाव, खोली तरी मोकळी होईल. त्यानंतर दिवसातून चार-पाच वेळा तो जुना बुश फळीवरून काढायचे, बघायचे, परत ठेवायचे.

माझं काय काय करून झालं होतं? मोटरचा बेल्ट बदलला. तारांना जाळीचं आवरण घातलं, कारण ट्यूबलाईट लावताना सिग्नलमध्ये गडबड होते असं वाटलं होतं. ती होत नव्हती. खोलीत थर्मामीटर टांगला, लोखंड उन्हाने वाढतं म्हणून. तेवढं वाढत नव्हतं. रोज कॉलेजमधून तीनला यायचं, चहा घ्यायचा, मशीन लावायचं, चूक मोजायची, तेवढी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये घालायची, आणि मग एकामागून एक पाच तुकडे अचूक निघायचे. दुसऱ्या दिवशी चूक नवीन. एका बैठकीत फरक एखाद्या शतांशाचा, दोन दिवसांत सात-आठांचा. यंत्राचा दोष असा वागत नाही. दोष असेल तर तो बैठकीतही दिसायला हवा.

"सोड ना आता," आई म्हणाली. "दिवसभर तुम्ही दोघं त्या यंत्राशी बोलता. मी मीठ मागितलं तरी कुणाला ऐकू जात नाही."

त्या सोमवारी मी सगळी मापं तारखेनुसार कागदावर मांडली. एक गोष्ट लगेच दिसली आणि ती आधी दिसली नाही म्हणून स्वतःचाच राग आला. रविवारचे आकडे सर्वांत वाईट होते. दर रविवारी, चौदा-पंधरा शतांश. रविवारी वेगळं काय असतं? आजूबाजूचे कारखाने बंद, म्हणून विजेचा दाब चढत असेल. पण तोही मी मध्यंतरी दोन आठवडे रोज लिहून ठेवला होता, रविवारीही फरक नाममात्र. मंगळवारी प्रयोगशाळेत मुलांच्या वह्या तपासताना बाकीचं सुचलं. रविवारी बाबा खोलीत जात नाहीत. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी ते अजून पाळतात.

बुधवारी रजा टाकली. एरवी मी साडेसहाला घर सोडते, त्यामुळे सकाळी त्या खोलीत काय चालतं हे मी पाच महिन्यांत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

सात वाजता बाबा चहा पिऊन मागे गेले. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, घडी केली. तेलाच्या बुधलीने चार ठिकाणी तेल सोडलं. मग खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, आडव्या सरकत्या भागाच्या बाजूला वाकले, आणि उजव्या हाताने, डाव्याने मनगट धरून, तिथले चार स्क्रू एकामागून एक आवळले. या स्क्रूंमागे एक पट्टी असते. ती किती दाबली आहे यावर तो भाग घट्ट सरकतो की सैल, हे ठरतं. घट्ट झाला तर मोटर अडखळते. सैल राहिला तर टूल लागताच तिरका होतो. दोन्हीकडून माप जातं.

"बाबा, हे काय करताय?"

"कुठे काय?"

"ते स्क्रू."

"रोजचंच. संध्याकाळी तू आत गेल्यावर झाकताना पाव फेरा सैल करायचे, सकाळी पाव फेरा आवळायचे. रात्रभर आवळून ठेवलं तर पट्टीमागे तेल जात नाही. आमच्या फोरमनची शिस्त होती."

"रोज करता?"

"रविवार सोडून."

"मला सांगितलं का नाही?"

"यात सांगायचं काय? तू दात घासून आलीस की मला सांगतेस?"

"पाच महिने मी तुमच्या दात घासण्यामागे धावतेय, बाबा. बेल्ट बदलला, तारा बदलल्या, थर्मामीटर टांगला."

"थर्मामीटर टांगायला मी सांगितलं नव्हतं."

"पण माप यानेच जातंय."

बाबा सरळ उभे राहिले. "छत्तीस वर्षं याच हाताने आवळतोय. माझं माप गेलेलं कुणी दाखवावं."

"तेव्हा हात वेगळा होता," मी म्हणाले.

बोलून झाल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं. पण खरं होतं, आणि खरं बोलून झाल्यावर ते मागे कसं घ्यायचं हे मला कधीच जमलेलं नाही.

"डावा वापरायला हवा होता का?" बाबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "डाव्याला काय कळतंय? हे स्क्रू ओळखतो तो हा हात. मोजून बघ. तुझ्याकडे असतीलच साधनं."

होती. प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा मी आधीच आणून ठेवला होता. बेल्ट उतरवला, हँडलच्या मुठीला दोरी बांधली आणि काट्याने ओढून दाखवलं: हँडल हलायला किती ग्रॅम जोर लागतो, ते वाचायचं. बाबांनी स्क्रू सैल केले आणि आवळले.

"झालं," ते म्हणाले.

"तीनशे."

पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. "झालं. तसंच आहे."

"साडेआठशे."

तिसऱ्यांदा त्यांनी जास्त वेळ घेतला. प्रत्येक स्क्रूवर थांबले, डोळे मिटून. "आता बघ."

"पाचशे वीस."

त्यांनी काटा माझ्या हातातून घेतला आणि उलटसुलट पाहिला. "हा बरोबर आहे का?"

"कॉलेजचा आहे."

"कॉलेजचा आहे म्हणूनच विचारतोय."

मी स्वयंपाकघरातून अर्ध्या किलोचं वजन आणून अडकवलं. काटा पाचशेवर येऊन थांबला. बाबांनी ते वाचलं, स्क्रूड्रायव्हर फळीवर ठेवला, चपला घातल्या आणि घरात गेले.

मी तिथेच राहून काम पूर्ण केलं, कारण दुसरं काय करावं हे कळेना. पट्टी पाचशे ग्रॅमला लावली आणि स्क्रूंवरचे नट कसून आवळले. बुधवारी पाच तुकडे काढले, गुरुवारी दुपारी पुन्हा पाच. नऊ बरोबर बत्तीस, दहावा एका शतांशाने कमी. ते दहा तुकडे ताटलीत घालून मी बाबांच्या खोलीत नेले. ते पेपर वाचत पडले होते. पेपर सकाळचा, पान सकाळचंच.

"दहापैकी नऊ बरोबर, दहावा फक्त एका शतांशाने कमी."

"छान. मग बुश तूच कर."

"मी का? मशीन तुमचं आहे. तुम्ही नुसता आकडा दाबायचा."

"तू आवळणार, डबा कापणार. मी काय करू, टाळ्या वाजवू?"

मी ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्या घरात भिंती नावापुरत्याच आहेत.

"हात गेला हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा त्यांना पटलं नव्हतं," ती म्हणाली. "तू काटा लावून पटवलंस."

"मग खोटं बोलायला हवं होतं का?"

"गप्प बसता आलं असतं."

"गप्प बसले असते तर बुश झाला नसता."

"आता तरी कुठे झालाय?"

मी ताटलीतले तुकडे उगाच आकाराने रचत बसले. ते सगळे एकाच आकाराचे होते.

शुक्रवारी सकाळी लंबकाचा प्रयोग चालू होता. वीस मुलं वीस दोऱ्यांना टांगलेले गोळे मोजत होती. साडेनऊला फोन वाजला.

"तो काटा कुठे ठेवलास?" बाबा.

"खणात. का?"

"हवाय." फोन बंद.

दहा मिनिटांनी पुन्हा.

"दोरी मुठीला कुठे बांधायची, टोकाला की मध्ये?"

"टोकाला. बाबा, ते लावलेलं आहे. पाचशेवर आहे. नट कसलेत मी. तुम्ही फक्त आकडा दाबा."

"नट काढले."

"काय?"

"नट काढल्याशिवाय सैल कसं करणार? सैल केल्याशिवाय तेल कसं जाणार?"

मी वर्गाबाहेर आले. पाच महिन्यांनी एक दिवस स्थिर राहिलेलं मशीन. "बाबा, त्याला तेलाची एवढी गरज नाही. खरंच नाही. मी हिशोब करून दाखवते."

"छत्तीस वर्षं तेल जातंय तिथे. आता डाव्या हाताने आवळतोय, काटा आईने धरलाय. तिला दिसत नाही नीट, ती म्हणते सहाशे. मी बघितलं तर साडेचारशे."

"पाचशे करा."

"साडेचारशेला बरं चालतंय."

"बरं चालतंय म्हणजे? तुम्हाला हाताला कळत नाही म्हणून तर काटा दिला."

मी पुन्हा तेच केलं होतं. मग बाबा म्हणाले, "हाताला नाही कळत. आवाजावरून कळतं. साडेचारशे ठेवतो."

"पाचशे, बाबा. मी सगळी मोजणी पाचशेवर केली आहे."

"ठेवू का फोन? आईचा हात दुखतोय."

एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिचा लंबक भिंतीला आपटत होता. मी तिची दोरी आखूड करून दिली आणि पुढचे तीन तास आकड्यांवर नजर ठेवली, पण वाचलं काहीच नाही.

तीनला घरी पोहोचले तर मागच्या खोलीचं दार बंद. मशीनवर कापड. फळीवर जुना बुश नव्हता. लेथखाली पितळेचा कीस पडलेला, लांब, सलग, नीट वळलेला. बाबा अंगणात खुर्चीवर बसून डाव्या हाताने संत्र सोलत होते.

"झाला?"

"झाला. साडेअकराला घेऊन गेला."

"उद्या येणार होता ना?"

"मी फोन केला."

"आणि किती आला?"

"बसला."

"तसं नाही. माप किती आलं?"

"पंपाचा दांडा घेऊनच आला होता. दांड्यावर घातला, पंपातल्या त्याच्या खाचेत ठोकला. बसला."

"म्हणजे तुम्ही मोजलंच नाहीत?"

"मायक्रोमीटर एका हाताने धरता येत नाही," बाबा म्हणाले आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. "आई म्हणाली मी वाचते. तिने वाचलं पस्तीस. म्हटलं, राहू दे."

"साडेचारशेवरच केलात?"

"चारशे चाळीस असेल. आईने धरला होता."

मी आत जाऊन पंपवाल्याला फोन लावला. मागे पाण्याचा आणि मोटरचा आवाज येत होता. पंप चालू होता.

"ताई, एकदम ओके," तो म्हणाला.

"ओके म्हणजे सैल की घट्ट? किती सैल?"

"ओके म्हणजे ओके, ताई. सोमवारी आणखी दोन आणतोय. काकांशी बोलणं झालंय."

फोन ठेवून मी वही उघडली. वजनाच्या रकान्यात साडेचारशे लिहावं की चारशे चाळीस, हे ठरेना. मापाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अंगणातून बाबांनी विचारलं, चहा टाकतेस का, आणि मी म्हणाले, टाकते, पण सोमवारचे दोन मी मोजणार.

"मोज की," बाबा म्हणाले. "तीनला येशील ना? तोपर्यंत ते गेलेले असतील."