पेला कुणाचा

माझे मोठे दीर, आमचे भावजी, दोन शब्दांवर जगतात: एकजूट आणि शिस्त. घरी त्यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून ते रविवारची वाट बघतात. छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या युद्धखेळांच्या क्लबचं लांबलचक टेबल आहे. त्यावर निळं कापड अंथरलं की समुद्र तयार होतो, बोटभर लांबीची जहाजं मांडली की आरमार तयार होतं, आणि भावजींनी घसा खाकरला की आरमारप्रमुखही तयार होतो.

त्यांच्या आरमारातलं एकूण एक जहाज मी बनवलंय. दातांच्या लॅबमध्ये मी कवळ्या करते. उरलेल्या अक्रेलिकमधून जहाज ओतायचं, तोफा घासून काढायच्या, रंग द्यायचा, हे माझ्या हाताला अवघड नाही. क्लबात मला 'कवळी' म्हणतात. नाव अर्थात भावजींनीच पाडलं. माझा नवरा या भानगडीत पडत नाही, त्याला कापडाच्या समुद्राचीसुद्धा भीती वाटते. जाऊबाई मात्र दर रविवारी येतात. टेप घेऊन टेबलाभोवती फिरायचं आणि जहाजांमधलं अंतर मोजून सांगायचं, हे त्यांचं काम. दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास असतो, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

हंगामातला शेवटचा सामना होता. सकाळीच भावजी म्हणाले, "हे बघ कवळी, आज मी सांगेन तसं खेळायचं. जिंकलो तर पुढच्या हंगामात तुला तुझी स्वतःची तुकडी. तोंड वाजवलंस तर परत नुसता रंगाचा ब्रश हातात घ्यायचा."

स्वतःची तुकडी! तीन वर्षं मी त्यांची दुय्यम म्हणून, त्यांच्याच तुकडीतली दोन जहाजं घेऊन बसत होते. मला ती तुकडी हवी होती, इतकी हवी होती की मी मान डोलावली. अजून त्या मान डोलावण्याचा राग येतो.

आमच्या खेळात प्रत्येक जहाजाच्या तोफांचे ठरावीक फासे असतात. प्रत्येक जहाजाने आपापला मारा करायचा, नाहीतर संघातल्या दोघांनी मिळून सगळे फासे एकाच पेल्यात घालायचे आणि एकाच शत्रूवर ओतायचे. पेला ज्याचा, अंतर त्याच्या जहाजापासून मोजायचं. जाड चिलखताचं जहाज फोडायचं तर एकत्र मारा लागतोच, हे मलाही कळतं. पण आणखी एक नियम आहे, आणि भावजींना तो कधीच आठवत नाही. ज्या जहाजावर त्या फेरीत कुणीच मारा केला नाही, ते निवांत नेम धरतं. त्याला जास्तीचे फासे मिळतात.

समोर चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि त्यांचा जावई. त्यांच्याकडे एक अगडबंब युद्धनौका, तिला सगळे हत्तीणच म्हणत, आणि टॉर्पेडो घेऊन धावणाऱ्या दोन विनाशिका. पहिल्या दोन फेऱ्या भावजींनी माझे फासे आपल्या पेल्यात घेतले आणि हत्तिणीवर ओतले. तिच्या अंगावर दोन ओरखडे उठले. तेवढ्यात जावयाच्या विनाशिका अगदी आरामात, कुणी हटकायला नाही की अडवायला नाही, आमच्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आण फासे," भावजींनी पेला पुढे केला. "हत्तिणीवर. एकजूट!"

"भावजी, या फेरीत त्या दोघींवर मारा झाला नाही तर त्या निवांत टॉर्पेडो सोडतील. दोघींचे. आपण दोघंही बुडू."

"चिलटं आहेत ती. मोठं जनावर आधी."

"मोठं जनावर पुढच्या फेरीतही तिथेच असेल. आपण नसू."

"कवळी, फासे."

मी फाशांवर हात ठेवला. पालथा, घट्ट.

"नाही देणार," मी म्हटलं. "तोफा माझ्या जहाजांच्या आहेत. मी वाटून मारणार. एक जहाज डावीवर, एक उजवीवर."

भावजींनी पंचांकडे पाहिलं. पंच पोस्टातून निवृत्त झालेले, नियमाबाहेर एक पाऊल टाकणार नाहीत. ते म्हणाले, "फासे ज्याचे, मर्जी त्याची. इथे तिची."

माझ्या दोन जहाजांनी दोन वेगळे मारे केले. डावी विनाशिका बुडाली. उजवी डगमगली, तिचा नेम चुकला, टॉर्पेडो कापडाच्या कडेपर्यंत गेले आणि संपले. रिकाम्या हातांनी ती मागे वळली. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. भावजींनी एकट्याने हत्तिणीवर टाकलेले फासे वाया गेले, आणि तिने मात्र त्यांचं जहाज चांगलंच भाजून काढलं. ते मागे पडलं, लांब गेलं.

"बघितलंस? मला एकट्याला सोडलंस!" भावजी फणकारले.

"सोडलं नाही, वाचवलं. आता ऐका. विनाशिकांची धास्ती गेली, समोर फक्त हत्तीण आहे. शेवटची फेरी आहे, ती बुडाली तरच जिंकू. आता सगळे फासे एकत्र टाकायचे."

त्यांचा चेहरा उजळला. "आत्ता कशी सरळ आलीस!" त्यांनी पेला पुढे केला.

"तुमच्या पेल्यात नाही. तुमचं जहाज लांब आहे, निम्मा मारा वाया जाईल. माझं जवळ आहे. माझ्या पेल्यात टाका."

जाऊबाईंनी न सांगताच टेप लावला आणि दोन्ही अंतरं मोठ्याने वाचली. शंकेला जागाच नव्हती.

भावजी फासे मुठीत धरून बसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "माझे फासे? तुझ्या पेल्यात?"

तेव्हा मला लख्ख कळलं. तीन वर्षं हा माणूस एकजूट एकजूट म्हणून घसा कोरडा करत होता, आणि त्याला एकजुटीशी काही देणंघेणं नव्हतं. पेला आपला असला की झालं. मी मूग गिळून माझे फासे तिथे ओतत राहिले, आणि त्याला शिस्त म्हणत राहिले.

"टाकताय का?" मी विचारलं.

"मी माझा मारा करतो. तू तुझा कर."

त्यांनी टाकले. लांबून, मोडक्या जहाजावरून. चिलखताला काहीही झालं नाही. मी टाकले. छान पडले, पण एकटीचे पुरेनात. हत्तीण उभीच राहिली, सामना चष्मेवाल्यांचा झाला.

"सगळे माझ्या पेल्यात असते तर बुडाली असती," मी म्हणाले.

"तुझ्या हट्टापायी हरलो!" भावजी उठले. "तुकडी विसर. पुढच्या हंगामात ब्रश आणि तू."

पूर्वीची मी असते तर रडले असते. "ब्रश तुम्हीच धरा," मी म्हटलं. "तुम्ही देणार असलेली तुकडी मला नकोच. पंच, पुढच्या हंगामाला माझा वेगळा संघ लिहून घ्या."

पंचांनी चष्मा वर केला. "लिहितो. पण संघ दोघांचा लागतो. तुझ्यासोबत कोण बसणार?"

मी हॉलभर पाहिलं. क्लबातल्या पुरुषांना अचानक आपापल्या जहाजांवर धूळ दिसायला लागली. भावजी हसले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

टेप गुंडाळल्याचा करकर आवाज झाला. जाऊबाईंनी तो पंचांच्या हातात दिला, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मोजायला दुसरं कुणी बघा," त्या म्हणाल्या. "मी खेळणार."

भावजींचं हसू तिथेच थांबलं. "अगं, तू? आणि एकत्र मारा करायची वेळ आली की? दोघींचा पेला कुणाचा असणार?"

जाऊबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जिचं जहाज जवळ असेल, तिचा."