ऑर्व्हिलची माती

व्हर्नानं शेडमागची ताडपत्री उचलली तर खाली नुसती जमीन.

हिवाळ्यात तिचा नवरा ऑर्व्हिल गेला. त्याला ना शवपेटी हवी होती, ना दहन. आमच्या वॉशिंग्टन राज्यात आता माणसाची रीतसर माती करून देतात. भुशात, गवतात निजवायचं आणि काही आठवड्यांनी काळीभोर माती घरपोच. "मला नाशपातीच्या बुंध्याशी टाक," एवढंच त्यानं मागितलं होतं. तिनं शब्द दिला. पण माती आली नि बाईचा हात धजेना. शेडमागे ढीग झाकून ठेवला, म्हणाली, पानगळीत बघू. धाकटा दीर ड्वाइट पक्का चर्चवाला, उगाच कटकट करील, म्हणून त्याला अलास्काच्या मासेमारी बोटीवर "सगळं नीट उरकलं" एवढंच कळवलं. तिथंच चुकलं तिचं.

"ड्वाइट, इथली माती कुठंय?"

"ते खत? परत आल्या आल्या टोमॅटोच्या वाफ्यात घातलं की, वहिनी. काय माल होता. कुठून आणलंत?"

व्हर्ना वाफ्याकडे वळली. उन्हाळाभर ती तेच टोमॅटो खात होती. मीठ लावून, पावात घालून, कधी वाफ्यातच उभ्या उभ्या. चर्चच्या जेवणाला टोपली भरून तिनंच पाठवले होते. वर चारचौघींत म्हणाली होती, आमच्या ऑर्व्हिलला जन्मात एक धड टोमॅटो पिकवता आला नाही.

"ते खत नव्हतं," ती म्हणाली. "ऑर्व्हिल होता तो."

ड्वाइट हसायला गेला आणि तिचं तोंड बघून थांबला. तिनं सगळं सांगितलं. तो कुंपणापाशी गेला आणि भडाभडा ओकला.

"माझा सख्खा भाऊ, वहिनी. मी त्याला मीठ लावून..."

"मीसुद्धा."

"आधी सांगायचं होतं मला."

"भांडला असतास."

"भांडलो असतो. पण नाशपातीलाच घातला असता त्याला." त्यानं तोंड पुसलं. "आणि त्या नाशपाती? त्या काय तुम्ही खाल्ल्या नसत्या?"

ऑर्व्हिल झाडाखाली निजेल, वर पांढरी फुलं येतील, इथवरच व्हर्नानं पाहिलं होतं. फळांचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या लबाडाच्या आलं असणार. शब्द घेताना गालात हसत होता मेला. जन्मभर तिनं कोंबड्या, मासे, बटाटे खाल्ले नि हात पुसले. आपणही एक दिवस कुणाच्या तरी ताटात जायचंय, हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "माझी वेळ आली की मलाही ह्याच वाफ्यात. नाशपाती गेली उडत."

"वहिनी, असलं काही..."

"आणि टोमॅटो तू खायचेस. चर्चला पाठवायचे नाहीत."

ड्वाइटच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मीठ लावून?"

"मीठ लावून," ती म्हणाली आणि ताडपत्रीची घडी घालायला लागली.