दाराकडची खाट

मंगळवारी दुपारी आईचा फोन आला, तेव्हा काचवाला आईच्याच खोलीत उभा राहून आरसा कापत होता. एका हातात काच कापायची हिरकणी, दुसऱ्या हातात फोन.

"डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला काही हरकत नाही," आई म्हणाली. "रविवारी येतोसच ना, तर आम्हाला घेऊनच जा. खोली आहे ना तशीच?"

"तशीच आहे गं. कुणी हात लावलेला नाही," काचवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आता बघा, काय म्हणावं या माणसाला! ज्या टेबलाला टेकून तो हे बोलला, ते टेबल बरोबर त्या जागी होतं जिथे दीड वर्षापूर्वी आईवडिलांच्या खाटा होत्या. भिंतीला काचांची तावदानं उभी केलेली, कोपऱ्यात फ्रेमच्या पट्ट्यांचा ढीग, जमिनीवर चुरा. आरशाचं कपाट तेवढं जागच्या जागी होतं, तेही हलता हलेना म्हणून. आत आईच्या कपड्यांऐवजी खिळे, डिंक आणि पॉलिशचे डबे.

तसा तो काही वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाला निदान झोप तरी लागते. झालं होतं असं, की अप्पा बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. घरात दिवसभर बघायला कुणी नाही, म्हणून दोन महिन्यांसाठी त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं. आई म्हणाली, "हे एकटे तिथे नीट जेवायचे नाहीत." म्हणून तीही गेली. दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे आठ. तेवढ्यात काचवाल्याच्या दुकानाची इमारत पाडायला काढली आणि कापायचं टेबल 'तात्पुरतं' रिकाम्या खोलीत आलं. हा 'तात्पुरतं' शब्द ज्यानं काढला त्याचे पाय धरायला हवेत. त्याच्या जिवावर माणूस किती दिवस काढू शकतो!

आणि खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट तर पुढेच आहे. चार महिन्यांपूर्वी, भर थंडीत, डॉक्टरांनी काचवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमचे वडील आता काठी घेऊन छान चालतात. घरी न्या." काचवाला म्हणाला, "नेतो की!" आणि नेलं नाही. कुणाला सांगितलंही नाही, बायकोलासुद्धा नाही. दर रविवारी फळांची पिशवी घेऊन जायचा, आई विचारायची, "काही म्हणाले का रे डॉक्टर?" आणि हा म्हणायचा, "अजून थोडं थांबा म्हणतात." घरी येताना बसच्या खिडकीत स्वतःचं तोंड दिसायचं, तिकडे मात्र त्याला बघवायचं नाही.

आता रविवारपर्यंत खोली होती तशी करायची, नाहीतर इतक्या रविवारच्या थापा एका झटक्यात उघड्या पडणार. आईअप्पा रविवारी येताहेत, एवढंच त्यानं बायकोला सांगितलं.

"खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली. "म्हणावं, दुकान गेलं, टेबल इथे आणलं. माणसं समजून घेतात."

"तू सांग मग."

बायको केरसुणी आणायला गेली. 'खोली मोठी आहे, टेबल तिकडेच टाका' हे तिचंच बोलणं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात होतं.

बुधवारी टेबल गॅलरीत गेलं, तावदानं आणि पट्ट्या जिन्याखाली गेल्या, कपाटातले डबे निघून आईचे कपडे परत आत गेले. मग उरला चुरा. काचेचा चुरा म्हणजे महाबिलंदर प्रकार. झाडून घ्या, पुसून घ्या, तो फरशीच्या फटीत दडी मारून बसतो आणि आठ दिवसांनी अनवाणी पाय बघून बाहेर येतो. आई घरात कधी चप्पल घालायची नाही. काचवाल्यानं खिडकी लावून अंधार केला, टॉर्च जमिनीवर आडवी ठेवली आणि स्वतः पोटावर झोपला. उजेड सरपटत गेला की जिथे कण असेल तिथे चमकतो. मग ओला कापूस दाबून एकेक उचलायचा. पन्नास वर्षांचा बाप्या दोन दिवस असा सरपटत होता. शाळेतून आलेली लेक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, काय हरवलं?"

"काही नाही. जा, अभ्यास कर."

अप्पांची लाकडी खाट सुटी करून माळ्यावर टाकली होती, ती उतरवली. आईची लोखंडी खाट मात्र घरात नव्हती. ती खाली इस्त्रीवाल्याकडे होती. तो तिच्यावर कपड्यांचे गठ्ठे ठेवायचा. गुरुवारी काचवाला त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि हात चोळत म्हणाला, "ती खाट जरा परत हवी होती. आईअप्पा येताहेत रविवारी."

इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तशीच शर्टावर राहिली.

"येताहेत? कुठून?"

"केंद्रातून. बरे झाले ना आता."

"अहो, मला वाटलं..." इस्त्रीवाला म्हणाला आणि थांबला. मग घाईघाईनं इस्त्री उचलली. "माफ करा हं. खाटच देऊन टाकलीत, तेव्हा मी समजलो, माऊली गेली. मी बायकोलाही तसंच सांगितलं."

काचवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्त्रीवाल्यानं मात्र एका शब्दानं टोचलं नाही. गठ्ठे उतरवले, खाट फडक्यानं पुसली आणि स्वतः एक बाजू धरून जिना चढला. वर आल्यावर पाणीसुद्धा न घेता गेला.

शुक्रवारी घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. कुठली खाट कुठे?

खोलीची लांब भिंत म्हटली तर एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. दोन्ही खाटांची डोकी भिंतीला, मध्ये छोटं टेबल, टेबलाच्या वर भिंतीवर घड्याळ. इथवर सगळं पक्कं. पण दाराकडे कोण झोपायचं, आई का अप्पा? काचवाला डोकं धरून बसला. याच घरात जन्माला आला, पन्नास वर्षं त्या खोलीच्या दारावरून गेला, आणि आपली आई कुठल्या बाजूला झोपायची ते त्याला सांगता येईना.

"मला वाटतं आईंची दाराकडे होती," बायको म्हणाली.

"वाटतं म्हणजे? नक्की सांग."

"नक्की कसं सांगू? तुमची आई आहे."

हे वर्मी लागलं. मग फोटोंची शोधाशोध झाली. लग्नाचे फोटो, सहलीचे फोटो, बारशाचे फोटो. आईवडिलांच्या खोलीचा फोटो कोण कशाला काढेल? शेवटी लेक म्हणाली, "माझ्याकडे एक आहे. जुना आहे, पण मी त्यात ध्यान दिसते, तेवढं कापून पाठवते."

स्वतःला कापून तिनं पाठवला. मागची भिंत अगदी स्वच्छ दिसत होती: डावीकडे लाकडी खाट, मध्ये टेबल, वर घड्याळ, उजवीकडे लोखंडी खाट. खोलीचं दार डावीकडे. म्हणजे अप्पा दाराकडे, आई खिडकीकडे. काचवाल्यानं तो कागदावर मोठा छापून घेतला.

"बघ, तुझं चुकत होतं," तो बायकोला म्हणाला. "फोटो काय खोटं बोलतो का?"

मग काय, गडी पेटलाच. फुटपट्टी लावून मापं काढली. टेबलाचं अंतर, घड्याळाची उंची, खुंटीची जागा, सगळं तंतोतंत. फ्रेम करणाऱ्याचा हात तो, एका केसाचा फरक नाही. शनिवारी संध्याकाळी खोलीच्या दारात उभं राहून त्यानं पाहिलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. आता कुणाच्या बापाला कळणार नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि कुणाच्या बापाबद्दल बोलतोय हे लक्षात येऊन जीभ चावली.

रविवारी टॅक्सी दाराशी थांबली. अप्पा काठी टेकत जिना चढले, प्रत्येक पायरीवर "हां, जमतंय" म्हणत. आई मागून आली, हातात एकच पिशवी. दारात तिनं चपला काढल्या आणि अनवाणी सरळ आपल्या खोलीकडे गेली. काचवाल्याचा जीव तिच्या तळव्यांत.

ती उंबऱ्यात थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

अप्पा मात्र थेट खिडकीकडे गेले, बसायला वाकले आणि ताठ झाले. "अगं, ही तर तुझी खाट! माझी इकडे कशी?"

"असू दे हो," आई पटकन म्हणाली. "बदल बरा असतो. मला आता खिडकीचं वारं लागेल."

सासूनं लेकाची चूक अशी पदरात घेतलेली बघून बायकोनं मान खाली घातली. पण काचवाला! गप्प बसावं की नाही? छे. त्याला वाटलं आईच विसरली. वय झालं, दीड वर्ष बाहेर होती, होतं असं.

"आई, अशीच होती गं," तो म्हणाला. "थांब, दाखवतो." आणि पुरावा आणावा तसा तो छापलेला कागद घेऊन आला.

आईनं चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ धरला.

"कधीचा आहे हा?" तिनं नातीला विचारलं.

"मी नवीन गणवेश घालून काढला होता बघ, आजी. शाळेतून आल्यावर."

"शाळेतून तू पावणेतीनला यायचीस. यात सव्वानऊ वाजलेत."

सगळे फोटोतल्या घड्याळाकडे बघायला लागले. त्यावर आकडे नव्हतेच, नुसत्या रेघा होत्या. लेकीनं कपाळावर हात मारला. "अय्या, बाबा! तो मी कपाटाच्या आरशात काढला होता!"

मग अप्पा असे हसायला लागले की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. "जन्मभर आरसे कापले पठ्ठ्यानं, आणि आरशातला फोटो ओळखला नाही!" बायको हसली, लेक हसली. काचवालाही हसला. न हसून करतो काय? कान मात्र लालबुंद झाले होते.

"फोटो कशाला बघावा लागला रे?" हसू ओसरल्यावर अप्पांनी सहज विचारलं. "खोली तर तशीच होती ना?"

"आधी खाटा हलवतो," एवढंच म्हणून काचवाल्यानं लाकडी खाट ओढली. ओढल्याबरोबर तिच्या पायाखालून काहीतरी चमकलं. बोटाच्या पेराएवढी काचेची सळी. इतकं सरपटूनही राहिलीच. आई समोरच उभी. आणि या शहाण्यानं काय करावं? काच दिसू नये म्हणून तिच्यावर पाय ठेवला. स्वतःचा, अनवाणी.

ती तळव्यात शिरली. तो उभाच.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"कुठे काय?"

"पाय उचल."

"काही नाही गं."

"पाय उचल म्हणते ना!"

त्यानं उचलला. फरशीवर रक्ताचा ठिपका. आईनं त्याला खाटेवर बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि सुनेकडे सुई मागितली. अप्पांना नात चहाला घेऊन गेली. सुई देऊन बायकोही बाहेर सटकली.

आई चष्म्यातून बघत हळूहळू टोकरत होती. काचवाल्याला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"आई, खोली तशी नव्हती ठेवली. माझं टेबल होतं इथे. तुझी खाट मी इस्त्रीवाल्याला देऊन टाकली होती."

"हलू नकोस."

"आणि डॉक्टरांनी थंडीतच सांगितलं होतं. घरी न्या म्हणून. मी तुला खोटं सांगत आलो."

"माहीत आहे," आई म्हणाली. "मलाही त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. तुझ्या आधी."

त्याच्या मनात एकेक रविवार उभा राहिला. सोळा रविवार तिनं विचारलं होतं, 'काही म्हणाले का रे डॉक्टर?' आणि उत्तर ऐकून फळं सोलायला घेतली होती.

"मग बोलली का नाहीस? मला तोंडावर का नाही विचारलंस?"

"तू 'नेतो' म्हणायला हवं होतंस ना. आपणहून कसं यायचं?" तिनं सळी ओढून काढली, उजेडात धरून बघितली. "शेवटी यांचाच धीर सुटला. घरी मरू दे म्हणाले, तेव्हा फोन केला."

काचवाला रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, आईच्या मांडीवर पाय ठेवून, लहान पोरासारखा.

"ती दाराकडची जागा," तो जरा वेळानं म्हणाला, "तू का घेतली होतीस?"

"विसरलास? काचेच्या कारखान्यात तुझी दुपारपाळी होती तेव्हा. बारा-साडेबारा व्हायचे तुला यायला. तू कडी वाजवलीस की यांची झोप मोडायची. म्हणून मी दाराशी झोपायची. जिन्यात पाऊल वाजलं की उठून कडी काढायची."

दहा वर्षं होती ती पाळी. दहा वर्षं तो आला तेव्हा दार उघडंच असायचं, आणि ते उघडतं कोण, का, हे त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. पाळी संपून वीस वर्षं झाली. खाट तिथेच राहिली होती.

"तेव्हापासून सवयच आहे मला," आई त्याच्या तळव्याला फडकं बांधत म्हणाली. "तुझी वाट बघायची."

गाठ मारून झाली. तिनं त्याचा पाय अलगद खाली ठेवला आणि उठायला लागली. त्यानं तिला उठू दिलं नाही.

"तू स्टूलावरच बस, पाय वर घेऊन," तो म्हणाला. "खाली टेकवू नकोस."

त्यानं खिडकी लावली, टॉर्च आणली, आणि बांधलेल्या पायानं जमिनीवर आडवा झाला.